जमीन गहाण टाकण्याआधी: सैन्याच्या खर्चानं पदवी घेण्याच्या वाटा

मी सांगली जिल्ह्यातल्या एका बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसते. बारावीचे निकाल लागले की समोरच्या खुर्च्या भरतात. वडिलांच्या हातात प्रवेशाचं पत्र, आईच्या पिशवीत सातबारा. सातबारा बाहेर आला की मी आधी तो आत ठेवायला सांगते. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेत तारण लागत नाही, आणि चार लाखांपर्यंत पदरचा हिस्साही घालावा लागत नाही. मग मुलाकडे वळून विचारते, "बाळा, जन्मतारीख काय तुझी? गणित आहे का बारावीला?"

हा प्रश्न कर्जासाठी नसतो. सैन्यदलांत अधिकारी होण्याच्या काही वाटा अशा आहेत की बारावीनंतरचं सगळं शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, दवाखाना हा खर्च सरकार करतं आणि शेवटी हातात रीतसर पदवी पडते. बी.एस्सी., बी.ए., बी.टेक., एम.बी.बी.एस., नर्सिंग, सगळ्या. माझा मुलगा पुण्यात दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंगमध्ये, म्हणजे सीएमईत शिकतोय. माझ्या नणंदेची मुलगी मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात नर्सिंग करतेय. दोन्ही घरांनी कॉलेजच्या फीपोटी काही भरलेलं नाही. पण माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक घरांना हे कळतं तेव्हा मुलाचं वय निघून गेलेलं असतं, नाहीतर अर्जाची तारीख. म्हणून हे सगळं दहावी-अकरावीतल्या मुलामुलींच्या आईवडिलांसाठी लिहितेय.

एक गोष्ट आधीच बोलते. हे पैसे बिनशर्त मिळत नाहीत. त्यांची फेड आयुष्यातल्या वर्षांनी करायची असते. तेव्हा कर्जाचा करार वाचता तसा याचा प्रत्येक कागद वाचा, आणि वाचताना मुलाला शेजारी बसवा. कर्जात सहकर्जदार म्हणून बाप हप्ते भरू शकतो, इथं हप्ता फक्त मुलगाच भरतो.

कुणासाठी कोणती वाट

सगळ्यांना माहीत असलेली वाट म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, एनडीए. केंद्रीय लोकसेवा आयोग, म्हणजे यूपीएससी, वर्षातून दोनदा परीक्षा घेतं. खडकवासल्यात तीन वर्षं, त्यानंतर लष्कराच्या मुलांना डेहराडूनला आयएमएत, म्हणजे भारतीय सैन्य अकादमीत, एक वर्ष, नौदल आणि हवाईदलाच्या मुलांना आपापल्या अकादमीत. पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. लष्करासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. नौदल आणि हवाईदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवंच. मात्र कला शाखेच्या मुलांनी नीट ऐका. लेखी परीक्षेत गणिताचा पूर्ण पेपर आहे आणि तो अकरावी-बारावीच्या पातळीचा आहे. शाखा कोणतीही चालली तरी गणित सुटत नाही.

मुलींना एनडीएचं दार २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं उघडलं. मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली तिथून बाहेर पडल्या. "मुलींना चालतं का हो मॅडम?" असं अजूनही मला दबक्या आवाजात विचारतात. चालतं. मुलींना परीक्षेची १०० रुपये फीसुद्धा माफ आहे.

माझ्या मुलाची वाट वेगळी, दहा अधिक दोन टेक्निकल एंट्री. यात लेखी परीक्षाच नसते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात मिळून किमान ६० टक्के आणि त्या वर्षीची जेईई मेन दिलेली असली की अर्ज करता येतो. प्रत्यक्षात बोलावणं येतं ते जेईईच्या गुणांवर कटऑफ लावून. एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची पाच दिवसांची चाचणी, पार झाली, वैद्यकीय तपासणी झाली, गुणवत्ता यादीत नाव आलं की पुण्याच्या सीएमईत, मध्य प्रदेशात महूला किंवा सिकंदराबादला तीन वर्षं आणि डेहराडूनला एक वर्ष. शेवटी इंजिनीअरिंगची पदवी आणि लेफ्टनंटचे तारे. ही वाट आजही फक्त अविवाहित मुलांसाठी आहे. याच धर्तीवर नौदलाची बी.टेक. एंट्री आहे. ती केरळात कन्नूर जिल्ह्यातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीत चार वर्षांची. तिथं फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात ७० टक्के, इंग्रजीत ५० टक्के आणि जेईई मेनचा रँक बघतात. मुलींनाही अर्ज करता येतो. इंजिनीअरिंग करायची इच्छा असलेल्या मुलीनं ही जाहिरात दर वेळी बघावी.

डॉक्टर व्हायचं असेल तर पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय, १९४८ पासूनचं. नीट द्यायची आणि केंद्रीय समुपदेशनाच्या नोंदणीत एएफएमसीचा पर्याय निवडायचा. पुष्कळ मुलं चांगले गुण असूनही हा पर्याय निवडायला विसरतात आणि मग काही करता येत नाही. निवडलेल्यांना पुण्यात इंग्रजी आणि तर्काची वेगळी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते.

मुलींसाठी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. पुण्यात एएफएमसी आणि मुंबईत अश्विनी, अशी सहापैकी दोन कॉलेजं आपल्याच राज्यात आहेत. यालाही नीटचे गुण लागतात. राहणं-खाणं मोफत, शिवाय दरमहा विद्यावेतन. आमच्या भागात नर्सिंग म्हटलं की अजून नाक मुरडतात. नणंदेच्या सासरीही तेच झालं होतं. पण ही मुलगी शिकून बाहेर पडते ती अधिकारी म्हणून, खांद्यावर तारे लावून. हे सासूबाईंना फोटो दाखवून सांगावं लागलं, आणि आता गावातल्या मुलींना त्याच सांगतात.

दहावीतल्या मुलांसाठी आणखी एक पायरी आहे. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था, सगळे तिला एसपीआय म्हणतात. राज्य सरकारनं ती १९७७ मध्ये सुरू केली. दहावीच्या वर्षीच प्रवेश परीक्षा आणि मुलाखत होते, मग अकरावी-बारावी तिथं राहून आणि सोबत एनडीएची तयारी. बेळगाव, बीदर, कारवारच्या मुलांनाही अर्ज करता येतो. मुलींसाठी नाशिकला अशीच संस्था २०२३ पासून सुरू आहे. खासगी निवासी क्लासला दोन वर्षांचे लाखो रुपये भरण्याआधी या परीक्षेला मुलाला बसवा.

वय: इथं एक दिवसही इकडचा तिकडे होत नाही

एनडीए आणि टेक्निकल एंट्री दोन्हींना वय साडेसोळा ते साडेएकोणीस. हे वय आज मोजायचं नसतं, कोर्स सुरू होण्याच्या तारखेला मोजायचं असतं. जाहिरातीत "या तारखेच्या आधी जन्मलेला नको, त्या तारखेच्या नंतर जन्मलेला नको" अशा दोन तारखा स्पष्ट दिलेल्या असतात. त्या दोन तारखा आणि मुलाची जन्मतारीख एका कागदावर लिहून बघा.

माझ्या मते एनडीएची सगळ्यात सोयीची परीक्षा म्हणजे बारावीत असतानाची सप्टेंबरची. तिची जाहिरात मेच्या सुमारास येते, परीक्षा सप्टेंबरमध्ये आणि कोर्स पुढच्या जुलैत. म्हणजे मुलगा बारावी संपवून सरळ खडकवासल्यात, मधे वर्ष वाया नाही. दुसरी परीक्षा एप्रिलच्या सुमारास होते, तिची जाहिरात डिसेंबरात. तिचा कोर्स पुढच्या जानेवारीत. बारावी झाल्याबरोबर एप्रिलला बसलेला मुलगा जून ते डिसेंबर काय करणार, हा प्रश्न तिथं उभा राहतो. त्याबद्दल पुढे सांगते. वयाच्या हिशेबानं साधारण तीन-चार संधी मिळतात. पहिली बारावीच्या वर्षात घेतली नाही तर हातातली एक संधी तिथंच कमी झाली.

अर्ज पहिल्या आठवड्यातच भरा. यूपीएससी परीक्षा केंद्रं "आधी अर्ज, आधी केंद्र" या पद्धतीनं देतं. पुणं भरलं की लांबचं केंद्र पदरात पडतं, आणि मग आदल्या दिवशी परक्या गावात लॉज शोधत फिरावं लागतं.

आता कागदांबद्दल, कारण माझा रोजचा संबंध कागदांशीच आहे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकदा नाव आधी. कुठं वडिलांचं नाव मधे, कुठं नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी दोन "ए", दुसरीकडे एक. अर्जात नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर जशी आहे तशीच भरायची. जन्मतारखेला दहावीचंच प्रमाणपत्र धरतात. म्हणून दहावीचं प्रमाणपत्र हातात आलं की त्याच आठवड्यात आधार त्याच्याशी जुळवून घ्या. दहावीच्या नोंदीतच चूक असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे दुरुस्तीला वेळ लागतो. ती अकरावीत करायची, बारावीच्या मार्चमध्ये धावपळ करायची नाही.

लेखी परीक्षेला घाबरू नका

एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची. गणित ३००, सामान्य क्षमता ६००, त्यातले २०० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापतात. हे आकडे बघून आपली मुलं दबतात. पण २०२१ ते २०२४ या काळात लेखीचा कटऑफ ९०० पैकी साधारण २९० ते ३६० च्या दरम्यान राहिला आहे. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आतच. पाचातले दोन प्रश्न नेमके बरोबर येणारा आणि उरलेल्यांवर अंदाजानं ठोकत न बसणारा मुलगा यातून जातो. एकच सांभाळा, गणित आणि सामान्य क्षमता दोन्हींत किमान गुणांची अट असते. एकावर जोर देऊन दुसरं सोडता येत नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांना एक उपयोगी गोष्ट सांगते. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी दोन्हींत छापलेली असते. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आपण दहावीपर्यंत मराठीत शिकलो. अक्षांश, संविधान, राज्यपाल, गुरुत्वाकर्षण हे शब्द हिंदीतही तसेच आहेत. इंग्रजी प्रश्न अडला की खालचा हिंदी प्रश्न वाचायचा. अकरावी-बारावीला विज्ञान इंग्रजीत शिकलेलं असल्यामुळे गणित-फिजिक्सला मात्र इंग्रजीच बरी पडते. दोन्ही नजरेखालून घालण्याची सवय सराव प्रश्नपत्रिकांपासूनच लावा.

एसएसबी

खरी निवड इथं होते. एनडीएला एसएसबीचेही ९०० गुण, म्हणजे निम्मं पारडं. टेक्निकल एंट्रीत तर सगळं यावरच. भोपाळ, बेंगळुरू, प्रयागराज अशा केंद्रांवर पाच दिवस राहावं लागतं. लष्कराच्या केंद्रांसाठी मुलाला उपलब्ध तारखांमधून आपली तारीख निवडता येते. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा बघूनच ती निवडा.

पहिल्या दिवशी चाळणी. बुद्धिमत्तेचे प्रश्न, आणि एक अंधुक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा. इथूनच निम्म्याहून जास्त मुलं त्याच दिवशी परत फिरतात, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे मूल खचणार नाही. राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं पान कोरं. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. साठ प्रसंग अर्ध्या तासात, प्रत्येकात तू काय करशील. त्यानंतर दोन दिवस मैदानावर गटाची कामं: फळ्या, दोर, पिंपं घेऊन अडथळे पार करणं, सापासारखा लांब गुंडाळा खांद्यावर घेऊन सगळ्यांनी मिळून पळणं, एका विषयावर तीन मिनिटं बोलणं. मधे कधीतरी मुलाखत. शेवटच्या दिवशी सगळे अधिकारी गणवेशात बसतात आणि एकेकाला आत बोलावतात.

क्लासवाले सांगतात, आम्ही उत्तरं पाठ करून घेतो. माझं ठाम मत आहे की यासाठी कर्ज काढू नये आणि कुणी मागितलं तर मी घरच्यांना बसवून समजावते. मानसशास्त्रज्ञ लिहिलेलं बघतात, मैदानावरचा अधिकारी वागणं बघतो, मुलाखत घेणारा बोलणं ऐकतो. तिघं एकमेकांशी न बोलता आपापलं मत बनवतात आणि शेवटी ते जुळवून बघतात. पाठ केलेला मुलगा तीन ठिकाणी तीन वेगळा दिसतो.

मग तयारी कशाची? घरातल्या जबाबदारीची. आमचं गाव कडेगाव तालुक्यात. माझ्या मुलाकडे आजोबांच्या उसाच्या ठिबकचं वेळापत्रक होतं. वीज रात्री किती वाजता येते, कोणता व्हॉल्व्ह आधी उघडायचा, शेजारच्या पाटलांची पाळी कधी, हे तो बघायचा. मुलाखतीत त्याला गावाबद्दलच विचारलं. पाणी कुठून येतं? ताकारी योजनेचं. ते उचलायला वीजबिल कोण भरतं? ऊस कारखान्याला गेला की पैसे किती दिवसांनी येतात? दहावीला बीजगणितात गुण कमी का पडले? वडिलांशी शेवटचं कधी भांडलास आणि कशावरून? यातलं एकही उत्तर पुस्तकात नाही. घरात, गावात, शाळेच्या संघात ज्यानं काही अंगावर घेऊन तडीस नेलं आहे त्याच्याकडे सांगण्यासारखं असतं. म्हणून अकरावीपासून मुलाला घरातलं एक काम पूर्ण सोपवा आणि त्यात नाक खुपसू नका.

इंग्रजी बोलण्याची भीती मात्र खरी आहे, तिच्यावर मेहनत घ्यावी लागते. आम्ही रोज रात्री जेवताना एक बातमी निवडायचो आणि तो तीन मिनिटं इंग्रजीत सांगायचा. मी आणि त्याचे बाबा फारसं इंग्रजी बोलत नाही, तरी ऐकत बसायचो. व्याकरण अडखळलं तर बिघडत नाही, पण गप्प बसलेल्या मुलाचं काहीच कुणाला दिसत नाही. अडलं की हिंदी शब्द वापरून वाक्य पुरं कर, असं त्याला सांगितलं होतं.

जाण्या-येण्याचा खर्च: त्या प्रकारच्या प्रवेशासाठी मुलगा पहिल्यांदा एसएसबीला जात असेल तर रेल्वेच्या थर्ड एसीचं दोन्हीकडचं भाडं परत मिळतं. तिकीट जपून ठेवा, बँक पासबुकाची किंवा रद्द चेकची प्रत सोबत द्या.

वैद्यकीय तपासणी: वर्षभर आधी स्वतः करून घ्या

एसएसबीत "रेकमेंड" झालेली, म्हणजे शिफारस मिळालेली मुलं इथं अडकतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण निम्म्या गोष्टी आधी कळल्या असत्या तर बऱ्या झाल्या असत्या. कानातला मळ, वाढलेलं वजन, किडलेले दात, वाकडं नाकाचं हाड, हर्निया, अंडकोषाच्या नसांची सूज, गुडघे एकमेकांना टेकणं, सपाट तळवे, रंग ओळखण्यातला दोष. यातल्या काही गोष्टी डॉक्टर बऱ्या करू शकतात, काही बऱ्या होत नाहीत. रंग ओळखण्यातला दोष बारावीनंतर कळण्यापेक्षा दहावीत कळलेला बरा, मुलाचं मन आणि वर्ष दोन्ही वाचतात. जिल्हा रुग्णालयात डोळे, कान-नाक-घसा, दात आणि हाडांची तपासणी थोडक्या पैशांत होते.

चष्मा लागला म्हणून घाईनं लेसिक करून आणू नका. वीस वर्षं पूर्ण होण्याआधी केलेली ही शस्त्रक्रिया मुलाला बाद करते. यात्रेत गोंदवून घेण्याची आपल्याकडे हौस आहे. हाताच्या कोपरापुढच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला सोडून इतरत्र कायमचं गोंदण चालत नाही. आदिवासी समाजांना परंपरेप्रमाणे सवलत आहे, बाकीच्यांना नाही.

अनफिट ठरवलं तरी लगेच सामान बांधून रडत परत येऊ नये. ठरलेल्या मुदतीत, साधारण ४२ दिवसांत, अपील करून दुसऱ्या लष्करी रुग्णालयात पुन्हा तपासणी मागता येते. त्या मुदतीत किरकोळ शस्त्रक्रिया करून फिट झालेली मुलं आहेत. तिथले लष्करी डॉक्टर कारण लिहून देतात, ते नीट वाचून घ्या.

बाँड

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

प्रवेशाच्या वेळी पालकांना आणि मुलाला बाँडवर सही करावी लागते. मुलानं प्रशिक्षण मधेच स्वतःच्या मर्जीनं सोडलं किंवा स्वतःच्या वागणुकीमुळे त्याला काढलं, तर तोवर झालेला प्रशिक्षणाचा खर्च परत मागतात. एनडीए आणि टेक्निकल एंट्रीत तो आठवड्यांच्या हिशेबानं मोजतात, आणि आठवड्याचा दर दहा हजारांच्या वर आहे. वर्षाला आठवडे बावन्न, गुणाकार करून बघा. एएफएमसीत सेवा न करता बाहेर पडायचं तर बाँडची रक्कम ६० लाखांच्या पुढे जाते. त्यात आम्ही कर्ज देऊ शकत नाही. मी हे भीती घालायला सांगत नाही. मूल एखाद्या पहाटे थंडीत धावताना "मला परत यायचंय" म्हणून फोन करू शकतं. तेव्हा घरात हा आकडा पहिल्यांदा कळू नये.

म्हणून सही करण्याआधी मुलाशी एकदा एकांतात बोला, आणि शक्यतो ते आईनं बोलावं. तुला फी वाचवायची आहे म्हणून जातोयस, का तुला ते आयुष्य हवंय? आमच्याकडे कर्ज काढून तुला शिकवायची तयारी आहे, हे वाक्य खरंखुरं म्हणा. त्या वाक्यानंतर मुलगा जे उत्तर देईल ते धरून चाला. घरच्या ओझ्यापोटी गेलेला मुलगा तिथं टिकला तरी आनंदानं टिकत नाही. ज्याला जायचंच आहे तो पहाटेच्या धावण्याची तक्रारसुद्धा कौतुकानं सांगतो.

दुखापतीचंही बोलून ठेवा. प्रशिक्षण कठीण असतं. एखाद्या कॅडेटला कायमचं अपंगत्व आलं आणि त्यामुळे बाहेर पडावं लागलं, तर तो अजून अधिकारी झालेला नसल्यामुळे त्याला माजी सैनिकाचा दर्जा आणि नेहमीचं निवृत्तिवेतन मिळत नाही, ठरावीक अनुदान मिळतं. या मुलांच्या हालांची सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय झाला. अजून पुष्कळ व्हायला हवं. कॅडेटांचा गटविमा असतो, त्याची वर्गणी पालकांकडून घेतात. ती टाळण्यासारखी नाही.

पुढची वर्षंही मोजा. पर्मनंट कमिशन, म्हणजे कायमची नेमणूक, घेतलेल्या अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी २० वर्षांची सेवा लागते आणि मधेच नोकरी सोडायची तर परवानगी मागावी लागते, ती मिळेलच असं नाही. त्या बदल्यात पदवीसाठी एक पैसा नाही. एनडीए आणि टेक्निकल एंट्रीत चौथ्या वर्षी, आयएमएत असताना, दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन सुरू होतं. लेफ्टनंट झाल्यावर तेवढंच मूळ वेतन आणि त्यावर १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन. दहा लाखांचं कर्ज काढून बाहेर पडलेल्या इंजिनीअरचा पहिला पगार आणि पहिला हप्ता दोन्ही मी रोज बघते. हा व्यवहार चोख आहे, फक्त तो समजून केलेला असावा.

तरी घरातून काय लागतं

पहिली तीन वर्षं खिशाला थोडा हात लागतोच. एनडीएत हातखर्चासाठी साधारण तीन हजार रुपये महिन्याला धरा. प्रवेशाच्या वेळी कपडे, विमा, आगाऊ हातखर्च मिळून हजारो रुपयांची रक्कम एकदम भरावी लागते. ती रक्कम रुजू होण्याच्या पत्रात दिलेली असते, आणि पत्र आल्यावर हातात फार दिवस नसतात. तेवढे पैसे आवर्ती ठेवीत आधीपासून साठवा. महिन्याचं उत्पन्न सुमारे २१ हजारांच्या आत असलेल्या पालकांच्या कॅडेटला सरकारकडून हातखर्चाला मदत मिळते. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढून ठेवा, मागायला लाजू नका.

दुसरं दार उघडं ठेवा

एनडीएच्या एका फेरीत लष्कराच्या जागा साधारण २०८, नौदलाच्या ४२, हवाईदलाच्या १२०, आणि नौदल अकादमीच्या थोड्या वेगळ्या. अख्ख्या देशातून. तुमचं मूल कितीही हुशार असो, एकाच दारावर वर्ष लावू नका. या सगळ्याची गंमत अशी की तयारी एकच आहे: अकरावी-बारावीचं गणित आणि फिजिक्स. त्याच अभ्यासावर सीईटी, जेईई, एनडीए, टेक्निकल एंट्री, नौदल बी.टेक. सगळे अर्ज भरता येतात. जेईई मेन मात्र द्याच, आयआयटीचा विचार नसला तरी, कारण दोन वाटा तिच्यावरच उघडतात.

आणि ते जून ते डिसेंबर. एप्रिलची एनडीए देऊन थांबलेल्या मुलानं त्या काळात महागड्या खासगी कॉलेजात लाखभर फी भरून प्रवेश घेऊ नये. जानेवारीत सोडून जायचं ठरलं तर बहुतेक फी परत मिळत नाही, परत करण्याच्या तारखा तोवर उलटून गेलेल्या असतात. जवळच्या अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घ्यावा, फी थोडी असते, अभ्यास चालू राहतो, एनसीसीत नाव घालता येतं. इंजिनीअरिंगलाच प्रवेश घ्यायचा असेल तर फीपरतीचे नियम प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजकडून लेखी घ्या, आणि कर्जाचे हप्ते वर्षावर्षानं उचला, चार वर्षांचे एकदम नको. बँकेत कागद देताना सैन्यभरतीचा अर्ज केलाय हे आम्हाला मोकळेपणानं सांगा. आम्ही त्याप्रमाणे पहिल्या वर्षापुरतंच वाटप ठेवतो.

पदवी घेतल्यानंतरही यूपीएससीची सीडीएस परीक्षा देऊन आणि एनसीसीच्या "सी" प्रमाणपत्रावरून अधिकारी होता येतं. पण तोवर कॉलेजचा खर्च घरानं केलेला असतो, म्हणून इथं त्यात शिरत नाही.

माजी सैनिकांच्या मुलांसाठी

सातारा, सांगली, कोल्हापुरात घरटी कुणीतरी फौजेत होतं, आणि तरीही हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वडील माजी सैनिक असतील तर मुलाला स्वतः फौजेत न जाताही पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेतून मदत मिळू शकते. व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या आणि बारावीला किमान ६० टक्के असलेल्या मुलांना महिन्याला २,५०० रुपये, मुलींना ३,००० रुपये. देशभरात दरवर्षी ५,५०० जणांना ती देतात, निम्म्या मुलींना. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद तपासून घ्यायचे. वडिलांचं डिस्चार्ज बुक, माजी सैनिकाचं ओळखपत्र, मुलाच्या नावावर बँक खातं आणि कॉलेजचं बोनाफाइड सोबत न्या. अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो, दुसऱ्या वर्षाला गेल्यावर नव्यानं घेत नाहीत.